सँडोचा तक्ता आणि सँडोचा आरसा

सँडो म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना आधी आठवतो तो बिनबाह्यांचा बनियन. बाहीचा देऊ की सँडो, हा प्रश्न ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. घरी आजोबांच्या अंगात तो असायचाच, आणि इथे परदेशात आल्यावरही कित्येकांच्या बॅगेत भारतवारीनंतर अर्धा डझन तरी असतातच! पण ह्या बनियनला ज्याच्यावरून नाव मिळालं असं मानतात, तो यूजेन सँडो हा खराखुरा माणूस होता, तो आपल्या मुंबईतही येऊन गेला होता, आणि आज जगभर जिममध्ये जे काही चालतं त्याची सुरुवात बऱ्याच अंशी त्याच्यापासून झाली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याला जाऊन शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने ही त्याची गोष्ट.

निमित्त आणखीही एक आहे. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, जेवणाच्या टेबलावर हल्ली जिमचा विषय निघतोच. कॉलेजात जाणारी आपली मुलं प्रत्येक सेट फोनमध्ये नोंदवतात. किती किलो, किती वेळा, मागच्या आठवड्यापेक्षा किती जास्त, सगळा हिशेब तयार. आणि समोर बसलेले काका म्हणतात, अरे, आम्ही तालमीत जोर मारले ते काय वहीत लिहून? अंग सांगतं की आज बस झालं! मुलगा म्हणतो, अंगाचं ऐकलं तर ते रोजच बस झालं म्हणेल. वाद रंगतो, गुलाबजाम संपतात, आणि निकाल काही लागत नाही. गंमत अशी की ह्या वादाच्या दोन्ही बाजू सव्वाशे वर्षांपूर्वी एकाच माणसाने मांडून ठेवल्या होत्या. तक्ता त्याचाच आणि आरसाही त्याचाच.

कोनिग्सबर्गचा फ्रीडरिश

सँडोचं मूळ नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. जन्म 2 एप्रिल 1867, प्रशियातल्या कोनिग्सबर्ग ह्या गावी. हे गाव आता रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राड. लहानपणाबद्दल सँडो स्वतः एक गोष्ट सांगत असे. तो म्हणे अगदी किरकोळ, नाजूक प्रकृतीचा मुलगा होता. वडिलांबरोबर इटलीला गेला असताना त्याने जुन्या वीरांचे संगमरवरी पुतळे पाहिले, आणि आपणही असंच व्हायचं हे मनाशी पक्कं केलं. त्याच्या चरित्रकारांना ही गोष्ट तितकीशी खरी वाटत नाही. जाहिरातीचं अंग त्याला जन्मजात होतं, तेव्हा थोडं तिखटमीठ लावलेलं असणारच. पण पुतळ्याचं वेड मात्र खोटं नव्हतं. पुढे आयुष्यभर तो स्वतःला पुतळ्यासारखंच लोकांसमोर उभा करत राहिला.

लष्करातली सक्तीची नोकरी टाळायला तो 1885 च्या सुमारास घर सोडून निघाला आणि युरोपभर सर्कशींतून हिंडत राहिला. त्याच काळात त्याने यूजेन सँडो हे नाव घेतलं. ब्रसेल्सला त्याला गुरू भेटला. लुडविग डुरलाखर असं त्याचं नाव, पण सगळे त्याला प्रोफेसर अटिला म्हणत. अटिला हा खरा वस्ताद. त्याने ह्या पोरातलं पाणी ओळखलं आणि त्याला हलकी कसरत सोडून जड वजनांकडे वळवलं. सँडोचं शरीर घडलं ते ह्या दिवसांत, जड बारबेल आणि डंबेल उचलून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला लागणार आहे.

1889 साली लंडनच्या रॉयल ॲक्वेरियम थिएटरात चार्ल्स सॅम्पसन आणि त्याचा चेला सायक्लॉप्स ह्यांचे ताकदीचे खेळ चालू होते. आम्हाला हरवून दाखवा आणि बक्षीस न्या, असं जाहीर आव्हान ते रोज देत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सँडोने ते स्वीकारलं. आधी त्याने सायक्लॉप्सला हरवलं, मग काही दिवसांनी खुद्द सॅम्पसनला. बाविशीतला हा जर्मन मुलगा एका रात्रीत लंडनभर झाला!

वजनापेक्षा माणूस बघायला लोक येतात

1893 मध्ये सँडो अमेरिकेला गेला. त्या वर्षी शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. आपल्याला ते आठवतं ते स्वामी विवेकानंदांमुळे, कारण सर्वधर्म परिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली. त्याच शिकागोत त्याच वर्षी फ्लोरेन्झ झिगफेल्ड नावाच्या तरुण व्यवस्थापकाने सँडोला रंगमंचावर आणलं. झिगफेल्ड मोठा चाणाक्ष. त्याच्या ध्यानात आलं की सँडोने किती पौंड उचलले ह्यात लोकांना फारसा रस नाही, ते टक लावून बघतात ते त्याच्या अंगाकडे. मग त्याने वजनांचे खेळ कमी केले आणि स्नायू दाखवण्याचे वाढवले. एकेक स्नायू वेगवेगळा हलवून दाखवायचा, बाकी शरीर स्थिर. आज ज्याला आपण पोझिंग म्हणतो ते हेच. पुढे मार्च 1894 मध्ये एडिसनच्या स्टुडिओत त्याची छोटीशी फिल्म काढली गेली. त्यातही सँडोच्या हातात वजन नाही, नुसतं शरीर आहे. चलचित्रांच्या अगदी पहिल्या चेहऱ्यांपैकी हा एक.

अमेरिकेत आणखी एका माणसाची आणि सँडोची गाठ पडली. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेचे प्रमुख डॉ. डडली सार्जंट हे टेपपट्टीवाले. हजारो विद्यार्थ्यांची छाती, दंड, मांडी, पोटरी मोजून त्यांनी तक्ते बनवले होते, आणि त्या सरासरीवरून तयार केलेले तरुण-तरुणीचे पुतळे त्याच शिकागो प्रदर्शनात ठेवले होते. 1893 मध्ये त्यांनी सँडोला नखशिखांत मोजलं. उंची तशी बेताचीच, पावणेसहा फुटांच्या आसपास, पण ह्या मोजमापांचा आणि बांध्याचा मेळ त्यांनी कधीच पाहिला नव्हता. नुसत्या मापांवर ते थांबले नाहीत. स्नायूंवर त्याचा ताबा किती, हेही त्यांनी तपासलं. म्हणजे माप आणि ताबा, आकडा आणि जाणीव, दोन्ही गोष्टी त्या दिवशी एकाच खोलीत तपासल्या गेल्या.

तक्ता

इंग्लंडला परतल्यावर सँडोने धंद्याची खरी नाडी ओळखली. रंगमंचावर एका वेळी हजार-दोन हजार लोक येतात, पण टपालाने घरोघर जाता येतं! 1897 मध्ये त्याने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर आपली व्यायामसंस्था काढली. त्याच वर्षी ताकद कशी मिळवावी ह्यावरचं त्याचं पुस्तक निघालं आणि भराभर खपलं. 1898 मध्ये मासिक सुरू झालं. 1904 च्या पुस्तकाच्या नावात त्याने बॉडीबिल्डिंग हा शब्द वापरला, आणि तो शब्द आज आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे.

त्या पुस्तकात तक्ते होते. 7 वर्षांच्या मुलांपासून 17 च्या वरच्या तरुणांपर्यंत वयाप्रमाणे गट, मुलींसाठी वेगळा, मुलांसाठी वेगळा. कुठला व्यायाम, किती पौंडांचे डंबेल, पहिल्या दिवशी किती वेळा, आणि मग किती दिवसांनी आकडा एकाने वाढवायचा, सगळं छापील. शिवाय सुरू करण्याआधी आपली मापं लिहून ठेवायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा घ्यायची. शिष्य आपली मापं पत्राने कळवत, सँडोची संस्था त्यांना व्यायाम लिहून पाठवी. आजच्या ॲपचं आणि ऑनलाइन ट्रेनरचं हे पणजोबांचं रूप. बँकेतला कारकून, खाणकामगार, शिपाई, ज्याच्याजवळ तालीम नाही, वस्ताद नाही, वेळ नाही, त्याच्या हातात एक कागद आला. आज किती आणि उद्या किती, हे त्याला कुणाला विचारावं लागत नव्हतं. ही काही लहान गोष्ट नव्हे. त्याआधी ताकद म्हणजे सर्कशीतल्या पहिलवानाची मिरास होती. तक्त्याने ती चारचौघांच्या घरी आणली.

आपल्या महाराष्ट्रातही हा कागद पोचला होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, जे पुढे 1909 मध्ये संस्थानच्या गादीवर आले, त्यांनी 1897 मध्येच सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि तब्बल दहा वर्षं नेमाने तो व्यायाम केला. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि मग सूर्यनमस्काराच्या प्रचाराला त्यांनी सगळं आयुष्य वाहिलं. शाळांतून नमस्कार घातले जातात त्यामागे ह्या राजाचा वाटा फार मोठा आहे. पण दहा वर्षं सँडो केल्यावर त्यांनी सूर्यनमस्कार घेतला, हे विसरून चालणार नाही. ठरलेली संख्या, रोजचा नेम, वयाप्रमाणे आकडा, ही शिस्त त्यांच्या नमस्कारांतही होतीच. अर्थात आपल्या तालमीलाही आकडा काही नवा नव्हता. जोर-बैठका शेकड्यांनीच मोजल्या जात. फरक इतकाच, की तालमीत आकडा वस्तादाच्या डोक्यात असे आणि सँडोच्या शिष्याचा कागदावर.

आरसा

आता दुसरी बाजू. नुसता तक्ता पाळणाऱ्या शिष्यांवर सँडो स्वतः फारसा खूष नव्हता. त्याचं म्हणणं असं, की डंबेल यांत्रिकपणे वरखाली करून काही होत नाही. मन त्या स्नायूत पाहिजे. आरशासमोर उभं राहा, कुठला स्नायू काम करतोय ते बघा, तो मुद्दाम आवळा, मग ढिला सोडा. खुर्चीत वाचत बसल्या-बसल्यासुद्धा आपण स्नायू आवळून व्यायाम करतो, असं तो सांगे. आज जिममध्ये ह्यालाच माइंड-मसल कनेक्शन म्हणतात आणि जणू कालच शोध लागला अशा थाटात शिकवतात!

आणि माणूस लक्ष देईल ह्याची खात्री नाही, म्हणून सँडोने एक यंत्रच काढलं. त्याचं ते स्प्रिंगचं डंबेल. मधोमध उभा चिरलेला दांडा, दोन अर्ध्या भागांमध्ये स्प्रिंगा. व्यायाम करताना मूठ आवळून ते दोन भाग एकत्र धरून ठेवायचे. लक्ष जरा ढळलं की मूठ सैल होते आणि दांडा उघडतो. म्हणजे लक्ष आहे की नाही, ते हातातली वस्तूच सांगते. ताकद वाढेल तशा स्प्रिंगा वाढवायच्या, म्हणजे तिथेही हिशेब आहेच. एका मुठीत तक्ता आणि आरसा दोन्ही. कल्पना म्हणून ही फार हुशारीची होती, आणि खपलीही तुफान.

1901 मध्ये त्याने ह्या सगळ्याची जाहीर परीक्षाच घेतली. 14 सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या शिष्यांची भव्य स्पर्धा झाली. तोच अल्बर्ट हॉल, जिथे 1974 मध्ये लतादीदी गायल्या. शरीरसौष्ठवाची इतकी मोठी स्पर्धा त्याआधी झालेली नव्हती. परीक्षक तीन. शिल्पकार सर चार्ल्स लॉज, शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल, आणि स्वतः सँडो. आता तुम्हाला वाटेल, टेप काढली असेल आणि ज्याचा दंड मोठा त्याला बक्षीस. तसं नव्हतं. एकूण वाढ, सर्व अंगांचा समतोल, स्नायूंचा घट्टपणा, सर्वसाधारण प्रकृती आणि त्वचेची स्थिती, असे निकष होते. मापं घेऊन आलेले तगडे लोक बाजूला राहिले आणि नॉटिंगहॅमचा विल्यम मरे जिंकला. त्याला सँडोचाच छोटा सोनेरी पुतळा मिळाला. त्याच धर्तीचा ब्रॉन्झचा पुतळा 1977 पासून मिस्टर ऑलिंपियाच्या विजेत्याला दिला जातो. म्हणजे जगातला सगळ्यात पिळदार माणूस अजूनही सँडोला हातात घेऊनच फोटो काढतो!

त्याच वर्षी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने मानवी शरीराचा आदर्श नमुना म्हणून सँडोच्या अंगाचा प्लास्टरचा साचा घेतला. मुलांना डायनोसॉर दाखवायला आपण जिथे जातो तेच हे म्युझियम. तो साचा पुढे प्रदर्शनातून काढला गेला.

मुंबईत सँडो

1904-05 मध्ये सँडो पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला. दक्षिण आफ्रिकेनंतर हिंदुस्थान, पुढे ब्रह्मदेश, जावा, चीन, जपान. कलकत्त्याला आणि मुंबईला त्याचे खेळ झाले. बंगालच्या फाळणीच्या आणि स्वदेशीच्या जरा आधीचा हा काळ. आपण दुबळे म्हणून आपल्यावर राज्य होतंय, हा सल सुशिक्षितांच्या मनात होता. अशा वेळी एक माणूस येतो आणि सांगतो की मीही लहानपणी किरकोळ होतो, हा कागद घ्या आणि सुरू करा. त्याचा परिणाम झाल्याशिवाय कसा राहील? बंगळूरचे के. व्ही. अय्यर ह्यांच्यासारख्या पुढच्या पिढीतल्या मंडळींनी ह्याच धर्तीवर आपल्या व्यायामशाळा काढल्या आणि टपालाने धडे दिले. आणि बनियनला नाव मिळालं ते वेगळंच.

मग खोट कुठे होती?

इथे आपल्याला अटिलाकडे परत जावं लागतं. सँडोचं स्वतःचं शरीर जड वजनांनी घडलेलं होतं. त्याने विकलेल्या तक्त्यात मात्र चार-पाच पौंडांचे डंबेल होते. पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलो, आपल्या सामानातल्या तांदळाच्या पिशवीपेक्षा हलके! तक्त्यात आकडा वाढत होता तो किती वेळा ह्याचा. किती वजन हा रकाना जवळजवळ जिथल्या तिथे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला त्याने फायदा नक्कीच होई. अंग मोकळं होई, ताठ उभं राहता येई, सुरुवातीला दंडही थोडा भरे. पण काही महिन्यांनी तेच डंबेल साठ-सत्तर वेळा सहज उचलता येऊ लागले, की स्नायूला वाढायचं कारणच उरत नाही. मग वही भरत जाते आणि दंड तिथेच राहतो. सँडोच्या वेळेलाही हे कुजबुजत बोललं जात होतं, की हा स्वतः खातो एक आणि वाढतो दुसरंच.

उत्तर सापडलं ते सँडोच्याच एका चाहत्याला. 1893 मध्ये शिकागोला सँडोला पाहून भारावलेला ॲलन कॅल्व्हर्ट नावाचा अमेरिकन मुलगा मोठा झाला, आणि 1902 मध्ये त्याने फिलाडेल्फियात मायलो बारबेल कंपनी काढली. रोज वासरू खांद्यावर घेऊन शेवटी बैल उचलणाऱ्या ग्रीक मल्ल मायलोचं नाव. त्याच्या बारबेलचं वजन थोडं थोडं वाढवता येत असे. पुढे 1940 च्या दशकात थॉमस डीलॉर्म ह्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या पायांवर हेच पद्धतशीर करून पाहिलं आणि 1945 मध्ये प्रसिद्ध केलं. वजन हळूहळू वाढवत न्यायचं, प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं. आज फिजिओथेरपिस्ट गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आपल्या आई-वडिलांना जे करायला लावतात, त्याचं मूळ इथे आहे.

म्हणजे तक्ता चूक नव्हता. त्यातला महत्त्वाचा रकाना रिकामा होता. आणि आरसाही चूक नव्हता. नुसत्या आरशाने मात्र माणूस फसतो. आजच्या अभ्यासकांनी जे पाहिलं आहे ते थोडक्यात असं. स्नायू वाढायला वजन अगदी जडच हवं असं नाही, मध्यम वजनानेही वाढ होते, पण प्रत्येक सेट थकव्याच्या जवळ न्यायला हवा. आणि अजून किती वेळा जमलं असतं हा अंदाज करायला सांगितलं, तर पुष्कळ लोक तो कमी सांगतात, त्यातही नवखे जास्त. वाटतं की आता एकही जमणार नाही, आणि जमतात आणखी तीन-चार! म्हणून टेबलावरचा तो मुलगा म्हणतो ते खरं आहे, नव्या माणसाचं अंग लवकर बस म्हणतं. पण काकांचंही खोटं नाही. रात्री झोप नाही, ऑफिसात ताण, खांदा दुखतोय, आणि फोन सांगतोय की मागच्या आठवड्यापेक्षा अडीच किलो जास्त, तर त्या दिवशी फोनचं ऐकणारा माणूस महिनाभर घरी बसतो. वर्षानुवर्षं अंगमेहनत केलेल्या माणसाची जाणीव ही घोटून तयार झालेली असते. ती विकत मिळत नाही आणि पहिल्या महिन्यात येतही नाही.

हे आपल्याला एवढ्यासाठी सांगायचं, की आपल्यातले बहुतेक जण आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात. दिवसभर कॉम्प्युटर, थंडीत घरात, गाडीने जाणं-येणं. सत्तरीत पायऱ्या चढताना आणि जमिनीवरून उठताना कामाला येणार आहे तो स्नायू आत्ताच जपायचा आहे. पिळदार दिसणं राहू द्या, पण भारतात गेल्यावर स्वतःची बॅग स्वतः वर ठेवता आली पाहिजे!

शेवटची वर्षं

1906 मध्ये सँडो ब्रिटिश नागरिक झाला. 1911 मध्ये राजा पाचव्या जॉर्जने त्याला शास्त्रीय व्यायामाचा आपला प्राध्यापक नेमलं. एका सर्कशीतल्या पोराने ह्याहून वर कुठे जायचं? त्याने कोकोचा धंदा काढला, कॉर्सेटही विकले. मग 1914 चं महायुद्ध आलं. जर्मन नावाच्या, जर्मन गावच्या माणसाकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि कोकोची कंपनी 1916 मध्ये बुडाली. इतकी वर्षं इंग्लंडात काढली, तिथला नागरिक झाला, तिथल्या दोन पिढ्यांना उभं राहायला शिकवलं, तरी वेळ येताच तो परका ठरला. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचताना जरा थांबावंसं वाटतं.

युद्धानंतरही त्याने काम सोडलं नाही, पण पूर्वीचा झगमगाट परत आला नाही. 14 ऑक्टोबर 1925 ला लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय अवघं 58. खड्ड्यात गेलेली मोटार एकट्याने उचलायला गेला आणि त्यातून गेला, अशी कथा पसरली. ती सँडोला शोभेशी होती, म्हणूनच टिकली. चरित्रकार मात्र तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पुटनी व्हेलच्या दफनभूमीत त्याला पुरलं, आणि पत्नी ब्लँचने कबरीवर दगड बसवू दिला नाही. नवरा-बायकोत काय झालं होतं ते त्या दोघांनाच ठाऊक. ज्याच्या दंडाचा घेर सगळ्या जगाने इंचांत लिहून ठेवला, तो पाऊणशे वर्षं निनावी मातीखाली पडून होता. 2002 मध्ये एका चाहत्याने तिथे दगड बसवला, आणि 2008 मध्ये त्याच्या वंशजाने मोठी शिळा उभी केली. लंडनच्या मंडळींना विम्बल्डनच्या बाजूला जाणं झालंच तर बघून यायला हरकत नाही.

सँडोच्या तक्त्यापासून आपण एक रकाना पुढे आलो आहोत, एवढाच आपला त्याच्यावर वरचष्मा. साधी वही घ्या. फोन घ्या, काही बिघडत नाही. एका ओळीत तीनच गोष्टी लिहा. किती वजन, किती वेळा, आणि अजून किती जमलं असतं असं वाटलं. पहिले दोन आकडे तक्त्याचे, तिसरा आरशाचा. तिसरा आकडा दोन-तीन आठवडे पाच-सहावर राहिला तर वजन वाढवायची वेळ आली समजा. नेहमीचंच वजन एकाएकी जड वाटायला लागलं तर त्या दिवशी वही मिटा आणि फिरायला जा. काही दुखणं-खुपणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांनी मागची पानं चाळलीत तर अंग किती बदललं हे कळेलच, आणि अंगाचं बोलणं आपल्याला किती कळायला लागलं तेही कळेल. तेव्हा काका आणि पुतण्या दोघांचं एकमत होईल, निदान ह्या एका विषयावर!

फराळाच्या ताटाला मात्र ही वही लागू नाही. चकल्या किती, करंज्या किती, ते चार दिवस जाणिवेवरच चालू द्या. सर्वांना दीपावलीच्या आणि येणाऱ्या वर्षात भरपूर ताकदीच्या शुभेच्छा!